गप्प म्हणजे थांब

मी एक जुना वॉकीटॉकी आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाची बरणी आणि औषधांचा डबा यांच्यामध्ये माझा मुक्काम असतो. माझ्या अँटेनाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, एक कोपरा टवकलेला आहे आणि पाठीवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आहे. मित्रांनो, दिसण्यावर जाऊ नका. दिसण्यावर गेलेल्या माणसांनी मला दोन वर्षे ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवले होते.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मला फापटपसारा आवडत नाही. माझ्या अंगावर एकच मोठे बटण आहे. ते दाबले की मी बोलतो आणि सोडले की ऐकतो. दोन्ही एकदम मला जमत नाही. ज्यांना आपल्याला ते जमते असे वाटते, त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तपासणीच्या टेबलाशी एक जाडजूड बाई बसत. त्या प्रत्येक संचाला कमरेइतक्या उंचीवरून खाली फरशीवर सोडत, मग उचलून कानाला लावत आणि मान हलवत. जगात आल्या आल्या मला पहिली भेट मिळाली ती आपटण्याची. तेव्हा राग आला होता. पुढे एका सकाळी त्या बाईंची मला फार आठवण झाली, ते सांगेनच.

आम्ही जोडीने विकले जातो. मी आणि माझा जुळा भाऊ एका उंच इमारतीच्या बांधकामावर लागलो. तो क्रेनच्या कॅबिनमध्ये वर आणि मी खाली मुकादमाच्या कमरेला. "उचल", "हळू", "थांब" एवढ्या तीन शब्दांवर आम्ही अठरा मजले उभे केले. मुकादम घरी जाण्यापूर्वी मला रुमालाने पुसत असे. इमारत पूर्ण झाली, तिला काचा लागल्या, बाहेर झाडे लावली गेली. मग कंपनीने नवे संच घेतले आणि आम्हा दोघांना जुन्या सामानाच्या खोक्यात टाकून एका दुकानात पाठवले.

ते दुकान रेडिओ विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका काकांचे होते. त्यांनी आम्हाला साफ केले, नवी बॅटरी बसवली आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. शेजारी एक बंद पडलेले गजराचे घड्याळ आणि बिनकाचेची विजेरी होती. गिऱ्हाइके येत, वरच्या काचेच्या कपाटातले चकचकीत संच बघत आणि निघून जात. दोन वर्षांत ड्रॉवर कितीदा उघडला ते मी बोटांवर सांगू शकेन, मला बोटे नाहीत ही गोष्ट वेगळी. मला वाईट वाटे. चालू स्थितीत असून कुणालाच नको असणे फार जड जाते.

आणि एक दिवस ड्रॉवरच्या फटीतून मला दुकानात आलेले मामा दिसले. पोट पुढे आलेला, हात फावड्याएवढे असलेला तो माणूस काउंटरसमोर चोरासारखा अंग चोरून उभा राहिला. त्यांच्यामागे त्यांची भाची होती, काखेत हेल्मेट घेऊन. ती दुकानात आली, बसली आणि आत असेपर्यंत तिने तोंडातून ब्र काढला नाही. ती जिथे काम करते त्या ट्रकच्या यार्डातले लोक, मामासुद्धा, तिला मौनी म्हणतात, हे मला नंतर कळले. मीही तेच म्हणतो.

मामांनी काकांना सगळे सांगितले ते मी ड्रॉवरमधून ऐकले. मामांचा धंदा असा की ते पवनचक्कीची पाती वाहून नेतात. तुम्ही पवनचक्की लांबून पाहिली असेल, तेव्हा तिचे पाते हातपंख्याएवढे दिसते. पण तुमच्या वर्गातली सगळी मुले हात पसरून एका ओळीत उभी केली, तर जेवढी लांबी होईल तेवढे ते एक पाते असते. ते ट्रेलरवर आडवे पडून सावकाश रस्त्याने जाते. मामांना कॅबिनमधून पुढच्या वळणापलीकडचे काही दिसत नाही. म्हणून मौनी मोटारसायकलवर अर्धा किलोमीटर पुढे असते. समोरची वाहने थांबवायची, खाली आलेली तार बघायची, कुणी गाडी आडवी लावली असेल तर ती हलवायची आणि मामांना कळवायचे, हे तिचे काम. मामा तिच्या डोळ्यांनी गाडी चालवतात.

आतापर्यंत ते दोघे मोबाइलवर बोलत होते. दोन महिन्यांपूर्वी एका गावातल्या अरुंद वळणावर मध्येच फोन कटला. पुढे उभ्या असलेल्या एका टेम्पोमुळे ट्रेलर वळणात मावणार नव्हता. मौनी हेल्मेटमध्ये थांब, थांब म्हणून ओरडत होती. मामांना काहीच ऐकू आले नाही. त्यांना वाटले, ही पोर मुळातच कमी बोलते, काही म्हणत नाही म्हणजे सगळे ठीक असणार. त्यांनी गाडी पुढे घेतली. पात्याचे मागचे टोक एका घराच्या कुंपणावरून फिरले, ओसरीचा कठडा मोडला आणि तिथली वेताची खुर्ची भिंतीशी चिरडली गेली. त्या घरातले आजोबा रोज सकाळी त्याच खुर्चीत वर्तमानपत्र वाचत. त्या दिवशी चष्मा आत राहिला म्हणून ते उठले होते.

"चष्मा आणायला उठले म्हणून वाचले," मामा काकांना म्हणाले. "आणि मी खाली उतरलो, तर मलाच घाम फुटलेला बघून त्यांनी पाणी आणून दिलं. मला ते गिळवेना."

तेव्हापासून मामांनी ट्रेलर यार्डातून बाहेर काढला नव्हता. मोटारसायकलवर नीट चालेल असा संच मिळाला तरच पुन्हा गाडीला हात लावीन, नाहीतर किल्ली परत देईन, असे त्यांनी ठरवले होते.

काकांनी आधी कपाटातला सर्वांत देखणा संच काढला. तो हेल्मेटच्या आत बसत होता. त्याला बटणच नव्हते. तोंड उघडले की तो आपोआप सुरू होई. दुसरा चांगला थोराड होता, त्याची पोच मोठी, त्याला पडदा होता आणि बटणे इतकी की मोजता मोजता चहा गार व्हावा. मामांनी दोन्हींची माहिती ऐकून घेतली. मग त्यांनी एक असा प्रश्न विचारला की मी ड्रॉवरमध्ये कान टवकारले.

"ही बोलायची थांबली, तर हा काय करतो?"

काका चमकले. ते म्हणाले, इतकी वर्षे दुकान चालवतो, लोक विचारतात आवाज किती दूर जातो, किती मोठा येतो. गप्प असताना हा काय करतो हे आजवर कुणी विचारले नव्हते.

मग दुकानामागच्या मोकळ्या रस्त्यावर परीक्षा झाली. पहिल्या दोन संचांची हकीकत मी नंतर मामांच्या तोंडून ऐकली. मौनीने आधी तो देखणा संच लावला. मामा दुसरा संच कानाला लावून दाराशी उभे. त्यांनी तिला सांगितले होते, गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत बोल आणि त्यानंतर एक शब्द काढू नकोस, नुसती चालव. ती कोपऱ्यापर्यंत बोलली. आवाज इतका स्वच्छ की मामांचा चेहरा खुलला. मग ती गप्प झाली, पण संच गप्प झाला नाही. गाडीच्या वेगाने वारा हेल्मेटमध्ये घुसत होता आणि त्या शहाण्याला वारा म्हणजेच बोलणे वाटत होते. तो आपला सुरूच. इकडे नुसती फुसफुस ऐकू येत राहिली. मामांनी तिला तीनदा हाक मारली, पण वाऱ्याचे बोलणे चालू असेपर्यंत त्यांची हाक तिच्यापर्यंत जाणार कशी? काकांनी त्याची ऐकण्याची ताकद जरा कमी केली, तर तो वाऱ्याबरोबर मौनीचेही अर्धे शब्द गाळू लागला.

"ही पडली असती तरी मला हेच ऐकू आलं असतं," मामा म्हणाले आणि संच खाली ठेवला.

थोराड संचाची गत वेगळीच झाली. मौनीच्या हातात जाड मोजे होते. बोलायला म्हणून तिने जे बटण दाबले त्याने ती दुसऱ्याच चॅनेलवर गेली आणि परत आली तेव्हा तिला दोन टॅक्सीवाल्यांच्या भांडणातली पहिली बाजू पाठ झाली होती. मामा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसले असावेत, कारण मौनी त्यांच्याकडे बघतच राहिली.

काकांनी मग नाइलाजाने ड्रॉवर उघडला.

मला उजेड सोसेना. काकांनी माझ्या बटणाची तार लांबवून मोटारसायकलच्या डाव्या मुठीजवळ बसवली, म्हणजे हात न काढता अंगठ्याने दाबता येईल. छोटा माइक स्पंजात गुंडाळून हेल्मेटमध्ये ओठांजवळ लावला आणि आवाज कानाशी आणला. मौनी निघाली. मी जीव एकवटून तिचे बोलणे पोचवले. माझा आवाज खरखरीत आहे, मान्य आहे. पण कोपऱ्यानंतर तिने अंगठा उचलला आणि मी मिठाची गुळणी धरली. पूर्ण शांत. वारा आला, इंजिन गरजले, मी ढिम्म. तिचा अंगठा पुन्हा टेकल्यावरच मी बोललो.

"हाच," मामा म्हणाले.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी शाबासकी दिली आहे. पण न बोलण्याबद्दल कुणी निवडले, ही ती एकच वेळ.

घरी आल्यावर मौनीने माझ्या पाठीवर लाल ठिपका काढला, म्हणजे माझी आणि जुळ्याची अदलाबदल होऊ नये. जुळा मामांच्या कॅबिनमध्ये गेला. मौनीची आई घरी शिलाई मशीनवर शाळेची दप्तरे शिवते. तिने दप्तराच्याच जाड कापडाची एक पिशवी शिवून तिला पट्टा लावला. त्या पिशवीत मी मौनीच्या छातीशी राहू लागलो. मामा हे आईचे धाकटे भाऊ. ते शेजारच्याच गल्लीत राहत आणि रात्रीचे जेवण बहिणीकडेच घेत. मौनीचे वडील त्याच्या आदल्या वर्षी आजारपणात गेले होते. मुळात अबोल असलेली ती त्यानंतर आणखीच मिटली. पण ती वेळेवर उठे, कामाला जाई, पानात पडेल ते खाई. त्यामुळे घरात सगळ्यांनी धरून चालले की तिचे बरे चालले आहे.

त्या रात्री मामांनी नियम केला. मौनीने दर मिनिटाला एकदा बटण दाबून "मोकळा" म्हणायचे. मामांनी "ऐकलं" म्हणायचे. सांगण्यासारखे काही नसले तरी म्हणायचे. आणि दीड मिनिटात शब्द आला नाही, तर मामा काही विचार न करता, कुणाला न विचारता ब्रेक दाबणार. त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "गप्प म्हणजे थांब". तो कागद कॅबिनमध्ये घड्याळाखाली चिकटवला.

अशी आमची तीन वर्षे गेली. मोकळा, ऐकलं. मोकळा, ऐकलं. दिवसाला तीनतीनशे वेळा. इतर कुणाशी दिवसभरात चार वाक्ये न बोलणारी ती मुलगी माझ्याशी इतकी बोलत असे. कधी त्या एका शब्दाच्या आत थंडी असे, कधी भूक, कधी डोंगरावरून दिसलेल्या तळ्याचा आनंद. मला सगळे समजे. तिचा आवाज जगात माझ्याइतका कुणी ऐकलेला नाही.

एकदा ती चुकली. रस्त्याच्या कडेला मुंगसाची चार पिल्ले एकामागे एक चालली होती. बघता बघता मिनिट उलटून गेले. मागे मामांनी भर चौकात ट्रेलर उभा केला. त्यामागे वाहनांची ही रांग, सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले, एक बसचालक तर खाली उतरून मामांच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागला. मौनी भानावर आली आणि घाबरून म्हणाली, "मोकळा, मामा. चुकलं." मामा रागावले नाहीत. उभा राहिलेला ट्रेलर मला चालतो, म्हणाले. मुंगसे किती होती तेवढे विचारले.

मग मागच्या साली यार्डाच्या ऑफिसात एक जागा रिकामी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायची, टेबल, खुर्ची, वर पंखा. आईने मालकांना भेटून ती जागा मौनीसाठी ठरवली. आईला रोज संध्याकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसावे लागे, त्यामुळे तिचेही काही चुकत नव्हते. जेवताना तिने सांगितले की पहिल्या तारखेपासून तू ऑफिसात जायचेस. मौनी आपले ताट घासत राहिली. ताट घासून झाले, पुसून झाले, जागेवर गेले.

"काही म्हणाली नाही, म्हणजे पसंत आहे तिला," आई म्हणाली.

मामांनी मान डोलावली. हो, त्यांनीच, घड्याळाखाली कागद चिकटवणाऱ्या मामांनी. मी फळीवर होतो. मला सगळे दिसत होते, पण माझे बटण दाबायला कुणी नव्हते. माझी त्या रात्री फार चडफड झाली.

पहिल्या तारखेच्या चार दिवस आधीची गोष्ट. मौनीची ही शेवटचीच फेरी असणार होती. सकाळचे नऊ वाजले होते, कोवळे ऊन होते आणि आम्ही एका टेकडीचा उतार उतरत होतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उथळ चर. मौनीने एका वळणाच्या तोंडाशी "मोकळा" म्हटले आणि मामांनी "ऐकलं" म्हटले. ती वळली. वळणापलीकडे कुठल्यातरी डंपरमधून बारीक खडी सांडलेली होती.

पुढचे चाक सटकले. मोटारसायकल आडवी झाली आणि घसरत जाऊन थांबली, ती मौनीच्या डाव्या पायावर. माझ्या पिशवीचा पट्टा शिवणीतून उसवला. मी उडालो, दगडावर आपटलो आणि चरात चिखलात जाऊन पडलो. त्या क्षणी मला कारखान्यातल्या बाई आठवल्या. बाईंनी मला फरशीवर सोडले होते ते ह्या दिवसासाठी.

मी शाबूत होतो, पण माझ्यात खोचलेली तार उपटून निघाली होती. मौनीला ते दिसत नव्हते. पाय अडकलेला, एक हात अंगाखाली. दुसरा हात कसाबसा मुठीपर्यंत नेऊन ती बटण दाबत होती. "मामा, थांब. मामा, पडलेय. मामा." बटण दाबले जात होते आणि तारेचे दुसरे टोक हवेत लोंबत होते. तिचा एकही शब्द माझ्यापर्यंत येत नव्हता. मी दहा हातांवर होतो आणि काही करू शकत नव्हतो.

वळणामागून इंजिनाचा आवाज येऊ लागला. उतारावर भरलेल्या ट्रेलरचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक आहे, आणि तिलाही. तिने गाडी ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. आवाज वाढत गेला, खाली पडलेली खडी थरथरू लागली. तिने डोळे मिटून घेतले. मौनी मोठ्याने ओरडली, पण त्या इंजिनापुढे तिचा आवाज कुठला पोचायला?

मित्रांनो, त्या दीड मिनिटात मी एकच गोष्ट केली. मी गप्प राहिलो. तो देखणा संच तिच्या हेल्मेटमध्ये असता, तर डोंगरावरचा वारा त्याने इमानेइतबारे मामांना ऐकवला असता आणि ही आहे, ही आहे असेच त्यांना वाटले असते. त्याला मी दोष देत नाही, त्याचा स्वभावच तो. माझ्यातून मात्र काही म्हणजे काही गेले नाही. साठ सेकंद झाले, सत्तर झाले, ऐंशी झाले.

मग हवेच्या ब्रेकचा तो लांब सुस्कारा ऐकू आला. खडी थरथरायची थांबली.

तार निघाली की माझ्या अंगातला भोंगा आपोआप उघडतो. एरवी तिच्या कानात कुजबुजणारा मी आता चरातून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा बोललो, मामांच्या आवाजात.

"मौनी, मी थांबलोय. गाडी जागची हलणार नाही. मी चालत येतोय."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही. ती रडू लागली. हुंदके देऊन, नाक ओढत, लहान मुलीसारखी. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असे आई नंतर म्हणाली. मामा वळणावरून धावत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. त्यांनी मोटारसायकल एका हाताने उचलून बाजूला ठेवली आणि मौनीला पोटाशी धरून रस्त्यातच बसून राहिले. बराच वेळ दोघे काही बोलले नाहीत. ती शांतता चांगली होती. अशीही असते.

मामांनी मला चरातून काढले, सदऱ्याला पुसले आणि मग ट्रेलरपासून मौनी पडली होती तिथवरची पावले मोजली. एकशे दहा भरली. हा आकडा त्यांनी बहिणीला आजवर सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

पायाचे हाड मोडले नव्हते, घोटा मुरगळला होता. दवाखान्यातून प्लॅस्टर घालून ती दुपारी घरी आली. आईने तिला खुर्चीत बसवले, पाय उशीवर ठेवला, डोक्यावरून हात फिरवला आणि उसवलेली पिशवी हातात घेऊन समोर बसली. मला त्यांनी टेबलावर ठेवले होते. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आईने पुन्हापुन्हा देवाचे आभार मानले. मग म्हणाली, "आता काही काळजी नाही. पाय बरा झाला की ऑफिसातच जायचंय."

मौनी काही बोलली नाही.

आईने मान डोलावली. ती पुढच्या गोष्टीकडे वळली, प्लॅस्टर कधी निघणार, दूध किती घ्यायचे. मामा मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आई बोलत होती आणि मामांचे ओठ नुसतेच हलत होते. ते मोजत होते. कॅबिनमध्ये ते असेच मोजतात हे मला जुळ्याकडून ठाऊक होते, म्हणून मी ओळखले.

"दीड मिनिट झालं, मौनी," मामा म्हणाले. "मी थांबलोय."

आईने विचारले, कसले दीड मिनिट? मामा खुर्ची ओढून बहिणीजवळ बसले.

"रस्त्यात ही गप्प झाली की मी ब्रेक दाबतो, ताई. आणि घरात ही चार वर्षं गप्प आहे, तर आपण दोघं गाडी पुढेच घेतोय."

आईचे हात थांबले. सगळे मौनीकडे बघू लागले आणि या वेळी कुणीच तिच्या वतीने बोलले नाही. मला वाटले, आता हिचा अंगठा बटणावर टेकणार. माझ्याकडे तिने पाहिलेदेखील नाही. ती आपल्या आवाजात बोलली.

"मला पुढेच राहायचंय, आई."

आई म्हणाली की तिला भीती वाटते. रोज सकाळी वाटते, मोटारसायकल गल्लीबाहेर गेली की वाटते. हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते. मौनीने ते सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मलाही वाटते भीती," ती म्हणाली. "पण पुढे मी गप्प झाले, तर मामा थांबतो. टेबलाशी बसून गप्प झाले, तर कोण थांबणार?"

आई उठली. ती मशीनपाशी जाऊन बसली, दप्तराच्या कापडाचा नवा पट्टा कापला आणि पिशवीला लावून त्यावर एक शिवण घातली, मग दुसरी, मग आडवी तिसरी. मशीनची खडखड बराच वेळ चालू होती. धागा दातांनी तोडून तिने पिशवी मौनीच्या मांडीवर ठेवली आणि चहा टाकायला वळली.

"ताई," मामा म्हणाले, "नुसत्या शिवणीवर मी गाडी काढणार नाही. बोलावं लागेल."

आई पाठमोरीच उभी राहिली. मग तिने डोळे पदराला पुसले.

"मोकळा," ती म्हणाली.

"ऐकलं," मौनी म्हणाली. तीन वर्षांत हा शब्द तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा निघालो. माझा कोपरा टवकला तो त्याच दगडावर. चिकटपट्टी मामांनी लावली. आता आई रोज रात्री मला स्वतः चार्जरवर ठेवते आणि सकाळी पट्ट्याची शिवण ओढून बघते. मौनी अजूनही फार बोलत नाही. पण ती गप्प बसली की घरातला कुणीतरी हातातले काम ठेवतो आणि तिच्याकडे बघतो. कधी ती "काही नाही, विचार करतेय" एवढेच म्हणते. तेवढे पुरते.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा संच तुमच्या घरी पडून असेल, तर त्यातले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आमचे पोट खातात. तारा ताणू नका. आणि आम्हाला निवडताना आम्ही किती मोठ्याने बोलतो एवढेच विचारू नका. दुसरी विनंती मोठी आहे. तुमच्या घरात, वर्गात, शेजारच्या बाकावर कुणी गप्प असेल, तर त्याचे बरे चालले आहे असे धरून पुढे जाऊ नका. दीड मिनिट मोजा आणि थांबा. त्याला सांगा की मी थांबलोय.

माझे सांगून झाले. आता बटण सोडतो. तुम्ही बोला, मी ऐकतोय.